आम्लारी

आमच्या रंगकारखान्याच्या तपासणी-खोलीत सगळे कॉस्टिक सोड्याला कॉस्टिकच म्हणतात आणि त्याला टरकून असतात. मला तो शब्द खटकायचा. शाळेत शिकलेला 'आम्लारी' हा शब्द का वापरू नये? म्हणून गेल्या आठवड्यात मी सगळ्या बाटल्यांवर ठळक अक्षरांत नवी लेबलं चिकटवली: आम्ल, आम्लारी, उदासीन. मुकादम म्हणाले, "बाई, परीक्षा घेताय का आमची?" मी त्यांना उडवून लावलं.

धाकटी नणंद तिथेच बाटल्या धुते. मीच तिला कामाला लावलंय. सोमवारी सकाळी मी आत आले, तर ती स्टुलावर बसून रुमालानं उजवा डोळा पुसत होती.

"काय झालं गं?"

"काही नाही वहिनी. बाटली ओतताना उडालं. आम्लच होतं, ते रंगाईतलं पाणचट. दोन मिनिटं धुतलं, आता जरा बरं वाटतंय."

"आणि गॉगल? तो काय शोभेला टांगलाय? धांदरट आहेस नुसती!" मी यथेच्छ तोंडसुख घेतलं. त्यात आणखी दोन-तीन मिनिटं गेली.

मग सिंकमधली बाटली उचलली. बोटांना बुळबुळीत लागली. आम्ल कधी बुळबुळीत लागत नाही. बाटली फिरवून पाहिली. अक्षरं मोठी, बाटली बारीक, त्यामुळे शब्द एका बाजूला मावलाच नव्हता. समोर 'आम्ला' आणि मागे वळून गेलेली 'री'. साधं 'कॉस्टिक' लिहिलं असतं, तर पोरगी दहा हात लांब राहिली असती.

तिची मान धरून मी तिला नळाखाली वाकवलं.

"वहिनी, दुखतंय!"

"दुखू दे. पापणी उघडी ठेव."

आम्ल बहुतेक वेळा वरवर भाजतं. कॉस्टिक गुपचूप आत शिरत राहतं, आणि हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. वीस मिनिटांनी मी पीएच पेपरची पट्टी तिच्या खालच्या पापणीच्या आत टेकवली. हिरवी यायला हवी होती. गडद निळी आली, म्हणजे कॉस्टिक अजून आतच होतं. पुन्हा पाणी, पुन्हा पट्टी, पुन्हा निळी. मुकादमांनी गाडी काढली. वाटभर मी तिच्या डोळ्यात पाणी ओतत होते आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होते.

दवाखान्यात तासाभरानं डॉक्टरांची पट्टी एकदाची हिरवी आली.

"पण बुबुळ धुरकट झालंय," त्या म्हणाल्या. "नजर किती राहील, आज सांगता येणार नाही. पहिली दहा मिनिटं हातची गेली. बाटलीवर लिहिलेलं नव्हतं का?"

"होतं की," नणंद म्हणाली. "मीच अर्धवट वाचलं."

मला तोंड उघडायची लाज वाटत होती. तिनं दोन्ही डोळे मिटूनच चाचपडत माझा हात धरला.

"वहिनी, अजून रागावलीयस?"

मग मात्र राहवेना. नवा शब्द, तुटलेलं लेबल, मागे गेलेली 'री', सगळं मी सांगून टाकलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हात हळूच सोडवून घेतला आणि ती डॉक्टरांच्या आवाजाच्या दिशेनं वळली.

"डॉक्टर, माझ्या दादाला फोन कराल? मला घरी त्याच्याबरोबर जायचंय."