पोरींची बाजू

प्रभाकररावाच्या पोराने सुलोचनाची वेणी ओढली आणि गावाची झोपलेली अब्रू खडबडून जागी झाली. सुलोचनाचा बाप बंडूजी गावातला बडा शेतकरी. त्याने प्रभाकररावाच्या दुकानात शिरून त्याचं थोबाड फोडलं. मग दोघांनी मिळून ठरवलं, चूक शाळेची आहे. पोरंपोरी एका खोलीत बसतातच कशी? मधुकरराव मास्तर म्हणाले, लेकरं दहा वर्षांची आहेत, दोन महिन्यांवर चौथीची परीक्षा आहे. त्यांचं कोण ऐकतो! कापूस विकून झाला होता, बंडूजीच्या बैलबंडीचा बांबूचा तट्टा रिकामाच पडला होता. तोच वर्गात मधोमध आडोसा म्हणून उभा करायचं बंडूजीच्या ओसरीवरच्या सभेत ठरलं.

माझा बा, कवडू, त्या सभेत मला घेऊन पायरीखाली उभा होता. आदल्या दसऱ्याला तो नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आला होता. मी चौथी पास व्हावं, हा एकच ध्यास त्याने घेतला होता. त्याने विचारलं, "बंडूजी, माही पंचफुला मंग पोरींच्याच बाजूनं बसंन ना?"

कालपर्यंत बा त्याला 'मालक' म्हणायचा. बंडूजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तिथेच.

त्याची बायको देवकाबाई म्हणाली, "आमच्या पोरीयजवळ? नाई जमत. तिले राहू दे पोरायतच. तिले कोण पाह्यते?"

"तुमच्या पोरीले पोरायचा भेव, अन् माह्या पोरीले नाई काय?" बा म्हणाला.

बंडूजीने दारातल्या बंडीची उभारी, तो कडेचा लाकडी दांडा, उपसला. पहिला घाव खांद्यावर, दुसरा बाने आडव्या धरलेल्या हातावर. कापसाची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसं हाड मोडलेलं मी ऐकलं. मी बंडूजीच्या पोटरीला कडकडून चावले. त्याने लाथ घातली, माझे समोरचे दोन दात गेले. बा खाली पडला तरी चौघं त्याला तुडवतच होते, आणि गाव बघत होतं. मला त्या गावाची आजही किळस येते.

सकाळी फळकुटाला बांधलेला हात सांभाळत बा म्हणाला, "शाळेत जाजो. अन् पोरींच्याच बाजूनं बसजो."

मी बसले. देवकाबाई आली, तिने माझ्या झिंज्या धरल्या. मी तट्ट्याची काठी सोडेना. तिने माझं डोकं भिंतीवर आपटलं, पाटीवर रक्त सांडलं. आदल्या दिवशी बाचा मार बघत बसलेले मास्तर मध्ये आले.

"तिचं नाव पटावर आहे, देवकाबाई. ती इथून उठणार नाही."

देवकाबाईने सुलोचनाचं बखोट धरलं, तिला तट्ट्यापलीकडे नेलं आणि बसवलं कुठे, तर वेणी ओढणाऱ्या त्या पोराशेजारी! तिच्यामागे बाकीच्या पोरीही गेल्या. पोरंपोरी पुन्हा एकत्र बसली.

तट्टा मात्र कोणी काढला नाही. तिकडे फळा, इकडे मी एकटी.

तिसऱ्या दिवशी मी आईचा विळा दप्तरात घालून नेला आणि भर वर्गात तट्टा कापायला घेतला. विळा हातात होता तोवर कोणी जवळ आलं नाही. भगदाडातून फळा दिसला, त्यावर व्याजाचं गणित होतं. मी ते उतरवून घेतलं.