व्हर्ना टॉलेफसनची साक्ष

"बाई, शेवटचं उत्तर जरा वाचून दाखवा," चौकशी समितीचे अध्यक्ष हार्लन ओक्स म्हणाले.

व्हर्ना टॉलेफसनने लघुलेखनाच्या यंत्रातून बाहेर आलेली कागदाची पट्टी मागे ओढली. विधानभवनातल्या एकतीस वर्षांच्या नोकरीत हे काम तिने हजारदा केलं होतं. बोलणारा चिडलेला असो की रडवेला, आपण सपाट आवाजात वाचायचं.

"प्रश्न : पुलाच्या खांबांना तडे गेलेत हे गव्हर्नरसाहेबांना पूल पडण्याआधी ठाऊक होतं का? उत्तर : ठाऊक होतं."

दालनात एकच गलका उडाला. साक्षीदाराच्या खुर्चीत बसलेले रॉय डेनिंग, अकरा वर्षांपासून गव्हर्नरांचे खासगी सचिव, पांढरेफटक पडले.

"मी असं म्हणालोच नाही! 'ठाऊक नव्हतं' म्हणालो मी. नव्हतं!"

डेनिंग इतकं पुटपुटत बोलले होते की समितीच्या बाकांपर्यंत ते नीट पोहोचलंच नव्हतं. अध्यक्षांनी ध्वनिफीत लावायला सांगितली, तेव्हा कळलं की नेमकी त्याच वेळी एक फीत संपून दुसरी चढवली जात होती. नदीत नऊ माणसं गेली होती. निवडणूक तोंडावर असताना रहदारी बंद करायची नाही म्हणून गव्हर्नरांनी इंजिनियरांचा अहवाल दाबून ठेवला का, एवढ्या एका गोष्टीवर महाभियोग अडला होता. महिनाभर सगळं राज्य त्या उत्तरासाठी रेडिओवरच्या बातम्यांना कान लावून बसलं होतं, आणि ते उत्तर आता फक्त व्हर्नाच्या कागदी पट्टीवर होतं.

हे झालं सोमवारी. बुधवारी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मायलोने ओव्हनमधून बटाटे-खिम्याची हॉटडिश काढून टेबलावर ठेवली होती, पण स्वतः काही वाढून घेतलं नव्हतं. मायलो तिचा नवरा. सव्वीस वर्षं त्याने जिल्ह्याच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायचं यंत्र चालवलं. एका वादळात पहाटे गव्हर्नर स्वतः गॅरेजवर कॉफी घेऊन आले होते आणि मायलोला नावाने हाक मारली होती. तेव्हापासून मायलो त्यांचा माणूस.

"तू ऐकलंस ते पक्कं ना?" त्याने विचारलं.

"पक्कं."

"अगं, पण तो डेनिंग स्वतः सांगतोय ना, मी असं बोललो नाही म्हणून."

"लोक बोलतात ते मी लिहिते. मागाहून त्यांना काय बोलायला हवं होतं असं वाटतं, ते नाही लिहीत."

मायलोने काटा उचलला, परत ठेवला. "एक सांगायचंय तुला. आज सकाळी आर्नीच्या हॉटेलात सगळे तुझ्यावर तोंडसुख घेत होते. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, तिला कशाला बोल लावता, तिला बिचारीला डाव्या कानाने ऐकूच येत नाही. यंत्र लावते ती, केसांखाली."

व्हर्ना त्याच्याकडे बघत राहिली. अकरा महिने हे त्या दोघांखेरीज फक्त डॉक्टरला माहीत होतं.

"हे माझी बाजू घ्यायला म्हणालास, की त्यांची?"

मायलोने भांडं तिच्याकडे सरकवलं. तिने हॉटडिश वाढून घेतली आणि सावकाश सगळी संपवली. भूक मारण्यासारखं आपण काही केलेलं नाही, असं तिला वाटलं.

गुरुवारी सकाळी गव्हर्नरांच्या वकिलांनी, व्हिटकम रेनी यांनी, लघुलेखिकेचीच साक्ष घेण्याची मागणी केली. व्हर्नाच्या लघुलेखनाच्या यंत्रावर जोनेल बोशां नावाची तरुण मुलगी येऊन बसली. कधीकाळी व्हर्नानेच तिला शिकवलं होतं. जोनेल खांदे आखडून बसली होती.

"खांदे सैल सोड गं," जाताजाता व्हर्ना पुटपुटली, आणि साक्षीदाराच्या खुर्चीकडे जाऊन तिने उजवा हात वर केला. या दालनात तिने इतरांच्या किती शपथा लिहून घेतल्या होत्या, त्याला गणती नव्हती. स्वतःची ही पहिली.

रेनी गोड आवाजात म्हणाले, "बाई, डाव्या बाजूचे केस जरा मागे घ्याल का?"

मागच्या बाकांवर कुणीतरी 'च्च' केलं. व्हर्नाने केस मागे घेतले नाहीत. तिने कानातलं यंत्र काढलं आणि समोरच्या टेबलावर, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं.

"अकरा महिने लावतेय. विचारलं असतंत तर सांगितलं असतं. हॉटेलात कशाला चौकशी करायची?"

हशा पिकला. रेनी वळले, खिडकीपर्यंत चालत गेले आणि बाहेर बघत काहीतरी बोलले.

"रेनीसाहेब, तुम्ही पाठ फिरवून बोललात, ते मला समजलं नाही," व्हर्ना म्हणाली. "डेनिंगसाहेब माझ्याकडे तोंड करून बसले होते, सहा हातांवर. माझा उजवा कान चांगला शाबूत आहे. आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची सवय तर मला कान चांगले होते तेव्हापासूनची. 'नव्हतं' म्हणताना खालचा ओठ दाताला लागतो. म्हणून बघा. डेनिंगसाहेबांचा लागला नाही."

समितीतल्या दोन-तीन सदस्यांचे ओठ आपसूक हलले. भिंतीलगत बसलेल्या डेनिंगनी रुमालाने तोंड झाकलं.

रेनी परत आले, तिच्या अगदी पुढ्यात उभे राहिले आणि एकेक शब्द तोडून म्हणाले, "म्हणजे या आठवड्याच्या सबंध नोंदीत तुमची एकही चूक नाही, असं शपथेवर सांगता?"

'हो' म्हटलं की संपलं असतं. अध्यक्ष ओक्स तेवढ्याच एका शब्दाची वाट बघत पुढे झुकले होते.

"आहे एक," व्हर्ना म्हणाली.

जोनेलचे हात थबकले. व्हर्नाने तिच्याकडे बघितलं तशी ती पुन्हा लिहू लागली.

"सोमवारी, जेवणाच्या सुट्टीआधी. दालन गरम ठेवणारे वाफेचे पाइप ठणठणत होते, तेव्हा अध्यक्षसाहेब काहीतरी म्हणाले. मी लिहिलं, 'कामकाज दीड वाजेपर्यंत तहकूब.' ते मी ऐकलेलं नाही. अंदाजाने लिहिलंय. थांबवून विचारायला हवं होतं, पण कानाचं उघड होईल म्हणून लाजले. त्या ओळीपुढे तशी खूण करून घ्या. बाकी सगळं ऐकलेलं आहे."

रेनी आपल्या टेबलाकडे वळले आणि कागद चाळू लागले. चूक कबूल करून घ्यायला आलेल्या माणसाला ती मिळाली होती, पण तिचं करायचं काय हे त्यांना सुचेना.

नोंद तेरा विरुद्ध आठ मतांनी कायम राहिली. पुढच्या आठवड्यात कनिष्ठ सभागृहाने महाभियोग मंजूर केला आणि खटला सिनेटकडे गेला. व्हर्नाला महिनाअखेर निवृत्त होण्याचं पत्र आलं. अंदाजाने नोंद केल्याचं शपथेवर कबूल केलेल्या लघुलेखिकेला ठेवता येत नव्हतं. नियम तिला पाठ होता, त्यामुळे पत्र तिने एकदाच वाचलं.

अध्यक्ष ओक्स स्वतः खाली तिच्या खोलीत आले. ती खण रिकामा करत होती.

"अहो, दीडलाच सुरू होणार होतं कामकाज. तुमचा अंदाज बरोबर होता. त्या एका ओळीचं बोलला नसतात तर काय बिघडलं असतं?"

"बरोबर होता हे मला आत्ता कळतंय," व्हर्ना म्हणाली. "लिहिताना माहीत नव्हतं."

ओक्सनी तिची पेटी उचलली आणि मोटारीपर्यंत नेऊन दिली.

घरी मायलो फारसं बोलत नव्हता. आर्नीच्या हॉटेलात जाणं त्याने सोडलं होतं. तिथे त्याला कुणी काही म्हणालं की तोच कुणाला काही म्हणाला, हे तिने विचारलं नाही. दिवसभर तो गॅरेजमध्ये रेडिओ लावून बसायचा. सिनेटमधली सुनावणी सोमवारी सुरू व्हायची होती.

शनिवारी दुपारी व्हर्ना स्वयंपाकघरात सफरचंदं सोलत होती. कानातलं यंत्र वर, पलंगाशेजारी पडलं होतं. आता ते दिवसभर लावायची गरज नव्हती. गॅरेजकडचं दार उघडलं आणि मायलो तिथूनच काहीतरी बोलायला लागला.

मधेच थांबला. टोपी काढली. टेबलाला वळसा घालून तो पलीकडे, खिडकीपाशी गेला आणि उजेड बरोबर तोंडावर येईल असा उभा राहिला. डोळे लाल होते.

"राजीनामा दिला त्यांनी," तो म्हणाला. सावकाश, एकेक अक्षर ओठांवर नीट उमटवत. "ठाऊक होतं म्हणाले. आधीपासून."

दारातून बोलला तेव्हाच तिच्या उजव्या कानाला सगळं कळलं होतं. पण तिने सुरी खाली ठेवली, आणि तो पुरता बोलून होईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.