सांगायचं माप, कापायचं माप

आमच्या धंद्यात प्रत्येक गिऱ्हाइकाची दोन मापं असतात. एक सांगायचं, एक कापायचं. टेप लावली आणि कंबर छत्तीस आली, की तोंडाने "चौतीस" म्हणायचं आणि वहीत छत्तीस लिहायचं. कपडा छत्तीसचा बेतला जातो, अंगाला चोख बसतो, आणि गिऱ्हाईक चौतीसच्या कमरेने खूश होऊन घरी जातं. याला कोणी खोटं बोलणं म्हणत असेल, तर त्याने माझ्या दुकानात येऊन पन्नाशीच्या एखाद्या गृहस्थाला त्याच्या कमरेचं खरं माप तोंडावर सांगून दाखवावं. मी तीस वर्षांत दोनदा सांगितलं. दोघेही परत आले नाहीत.

शिवाय शिवणीत आतल्या बाजूला थोडं जास्तीचं कापड सोडायचं, पुढे अंग वाढलं तर उसवून मोठं करायला. त्याला माया म्हणतात. माया नसलेला कपडा शिवणारा शिंपी मी शिंपी मानत नाही.

माझं दुकान बॉक्सिंगच्या हॉलसमोर आहे. त्यामुळे झालं काय, की ब्लाउज आणि पडदे शिवणारी मी बघता बघता मुष्टियोद्ध्यांच्या चड्ड्या शिवायला लागले. नेफा रुंद, आत इलॅस्टिक आणि वर नाडी, दोन्ही. तिथल्या एका वजनगटातला विजेता माझं गिऱ्हाईक, आणि त्याच्या विजेतेपदाच्या पट्ट्यावर डोळा ठेवून बसलेले दोघेही माझेच.

विजेता माझा भाचा. बहीण गेली तेव्हा सहा वर्षांचा होता, तेव्हापासून माझ्या कापायच्या टेबलाखाली वाढला. एकदा त्याने कोटाचं मोठं बटण गिळलं आणि अख्खं घर दोन दिवस त्या बटणाची वाट बघत बसलं. तेव्हापासून त्याचं नाव बटण. पेपरवाल्यांना वाटतं की तो लहानखुरा आणि टणक आहे म्हणून हे नाव पडलं. वाटू दे. बटणालाही तेच सोयीचं आहे.

तर लढतीच्या दहा दिवस आधी पेपरचा एक क्रीडा वार्ताहर दुकानात आला. पायांनी वाळलेला, पोटाने सुखी. माझी नजर आधी मापावरच जाते, त्याला इलाज नाही.

"काकू, तिघांची मापं तुम्ही घेता," तो म्हणाला. "बटणाचं काय होईल, तुम्हाला काय वाटतं?"

तीस वर्षांत मला काय वाटतं हे कोणी विचारलं नव्हतं. मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर चढले.

"हे बघा," मी म्हटलं, "काट्यावर तिघं सारखेच. पण काटा असतो लढतीच्या आदल्या दिवशी. हे दोघे त्याआधी तीन दिवस पाणी पीत नाहीत, घोंगड्या पांघरून घाम काढतात, आणि पिळलेल्या फडक्यासारखे काट्यावर उभे राहतात. एकदा वजन झालं की खाणं-पिणं सुरू. दुसऱ्या दिवशी रिंगमध्ये येतात ते सहा किलो वाढून. मी त्यांच्या चड्ड्या काट्याच्या दिवसाच्या मापाने शिवल्या, तर भर लढतीत उसवतील."

"आणि बटण?"

"तो वर्षभर तेवढाच. त्याला उतरवायला काही नाही आणि चढवायलाही काही नाही."

मग मी त्याला दोघांची ओळख करून दिली. पहिला कपाट. खांदे साडेएकोणीस इंच, माझ्या दारातून तिरपा होऊन आत येतो. गेल्या वर्षी त्याच्यासमोर जो उभा राहिला, त्याचा जबडा तारेने बांधावा लागला आणि तो सहा आठवडे नळीने जेवत होता. दहा दिवसांनी बटणाची लढत होती ती याच कपाटाशी. दुसरा शिडी. रिंगमध्ये येताना घालायच्या त्याच्या झग्याच्या बाह्यांना इतरांपेक्षा हातभर कापड जास्त लागतं. माणूस मात्र गोड. काज करेपर्यंत शांत बसून राहतो.

"म्हणजे बटणाला अवघडच," वार्ताहर म्हणाला. "पण आता तोही भरलाय ना?" त्याने वहीचं पान उलटलं. "कोच म्हणाले, दोन वर्षांत वजन तेच, छाती दोन इंच वाढून एक्केचाळीस, कंबर इंचभर उतरून एकतीस. चरबी गेली, स्नायू आला. म्हणून तर त्यांनी कपाटाशी लढत घेतली. नाहीतर यंदा टाळणार होते."

"कोणी सांगितली ही मापं?"

"अहो काकू, तुमचीच मापं आहेत!"

टाचणी माझ्या बोटात घुसली. रक्त कपाटाच्या चड्डीवर पडू नये म्हणून मी बोट तोंडात घातलं, आणि त्या निमित्ताने गप्प बसले.

खरी मापं वहीत होती. छाती अडतीस, कंबर चौतीस. वजन तेच होतं, हे कोचचं बरोबर. फक्त छाती खाली उतरून कमरेत राहायला गेली होती. पस्तिशीत असं होतं, त्यात त्याचा काही गुन्हा नाही. पण दर वेळी तो माझ्यासमोर लहानपणी उभा राहायचा तसा हात वर करून उभा राहायचा आणि विचारायचा, "वाढली का गं?" मी म्हणायचे, वाढली. दुसरं काय म्हणणार होते? मी त्याला सांगायचं माप सांगितलं. ते माप अंगावर घेऊन तो कपाटासमोर जाईल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

वार्ताहर गेला तशी मी समोरच्या हॉलमध्ये गेले. कोच भिंतीवर कागद चिकटवत होता. कागदावर लिहिलं होतं: पळायचं नाही. मध्यभागी उभं राहायचं. ठोशाला ठोसा.

"ती मापं खरी नाहीत," मी म्हटलं.

"ताई, घाबरू नका," तो म्हणाला. "ऐनवेळी घरच्यांचं असंच होतं. मापं कधी खोटं बोलत नाहीत."

"मापं बोलतच नाहीत. मी बोलते. आणि मी खोटं बोलले."

तो इतका मनापासून हसला की मला त्याचीच कीव आली. नंतर माझी.

दुसऱ्या दिवशी बटण चड्डीच्या ट्रायलला आला. मी दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मावशी, तुला भीती वाटतेय. लढू नये म्हणून सांगतेयस."

वही दाखवली, तर म्हणे, ही तू काल बसून लिहिलीस. टेप त्याच्याच हातात दिली, तर त्याने पोट आत ओढलं, छाती पुढे काढली आणि श्वास रोखून टेप लावली. पस्तीस वर्षांचा घोडा क्षणात नऊ वर्षांचा झाला. दोन वर्षं खोटं सांगितलं तेव्हा त्याने कधी शंका घेतली नव्हती, आणि एकदाच खरं सांगितलं तर पुरावा मागत होता. माझं डोकंच फिरलं.

टेबलावर त्याचा विजेतेपदाचा पट्टा पडला होता. अस्तर फाटलं म्हणून नवीन मखमल लावायला त्यानेच आणून दिला होता. मागे टिचबटणांच्या तीन जोड्या.

"हा लाव," मी म्हटलं.

"कशाला?"

"लाव म्हटलं ना!"

त्याने लावला. सहा वर्षांपूर्वी, जिंकला त्या संध्याकाळी, मीच त्याच्या कमरेला लावून बघितला होता, तेव्हा सगळ्यात आतल्या जोडीवर बसला होता. आता तो सगळ्यात बाहेरच्या जोडीवर लागला, तोही दोन्ही हातांनी ओढून.

"कातडं आखडलंय," तो म्हणाला.

"आखडलं?"

"घामाने ओलं होतं ना. आखडतं कातडं."

"बरं. आता श्वास सोड."

सोडला नाही. माझ्याकडे बघत राहिला. मीही बघत राहिले. मला काय घाई होती! शेवटी कधीतरी माणसाला श्वास सोडावाच लागतो. टिचबटण टक् करून उघडलं आणि पट्टा त्याच्या पायावर पडला.

त्याने सुटलेल्या पोटावर हात ठेवला.

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारायचास तेव्हा तुझं तोंड बघून सांगवायचं नाही."

त्याने पट्टा उचलून टेबलावर ठेवला, चड्डी घेतली आणि निघाला. जाताना "येतो" म्हणाला नाही. हा मुलगा शाळेत जातानासुद्धा दोनदा "येतो" म्हणायचा. मी मशीनवर बसले आणि एक सरळ टीप मारता येईना. त्याचा जबडा वाचला तरी माझा मुलगा गेला, असं मला वाटलं. नंतर आठ दिवस तो आला नाही.

मी लढती बघायला जात नाही, पण त्या संध्याकाळी गेले. घंटा झाली, कपाट मध्यभागी येऊन उभा राहिला, आणि माझा भाचा पळाला. शब्दशः पळाला. दोरांच्या कडेकडेने, डावीकडून उजवीकडे, एक ठोसा मारून पुन्हा लांब. कोच घसा फाडून ओरडत होता, "उभा राहा! उभा राहा!" तो कुठेच उभा राहिला नाही. तिसऱ्या फेरीपासून लोक शिट्ट्या घालायला लागले, सहाव्या फेरीला कागदी पेले यायला लागले. कपाट हवेला मारत होता. आदल्या दिवशी चढवलेले सहा किलो नवव्या फेरीपासून त्याला जड जायला लागले. मला दिसत होतं, कारण त्याची चड्डी मीच त्या सहा किलोंच्या मापाने शिवली होती. बाराव्या फेरीनंतर पंचांनी गुण मोजले आणि बटणाचा हात वर केला.

सगळा हॉल हुर्यो करत होता. मी एकटी उभी राहून टाळ्या वाजवत होते, आणि रडत होते, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नव्हती.

"काकू, बसा," मागचा माणूस अर्धवट उठून म्हणाला. "ही काय लढत म्हणायची?"

"तुमची कंबर बेचाळीस आहे," मी त्याला म्हटलं. तो बसला.

दोन दिवसांनी वार्ताहराचा लेख आला. विजेता जिंकला पण मनातून उतरला, आता शिडीसमोर त्याचा निभाव लागणं कठीण, वगैरे. शेवटची ओळ अशी होती: छाती एक्केचाळीस इंच करून काय उपयोग, तिच्यात हिंमत नको? म्हणजे माझं माप अजून छापून येत होतंच.

चौथ्या दिवशी बटण आला. एक डोळा थोडा सुजलेला, दात सगळे जागच्या जागी. पेपर टेबलावर टाकला आणि माझ्या जुन्या स्टुलावर बसला.

"मावशी, शिडीसमोर माझं काय होईल?"

तीस वर्षांची सवय. सांगायचं माप जिभेवर येऊन बसलं होतं.

"हरशील," मी म्हणाले. "कपाट दमतो, शिडी दमत नाही. आणि तू पळशील तिथे त्याचा हात पोचेल."

"हे सांगायचं की कापायचं?"

"कापायचं."

तो हसला. मखमल लावलेला पट्टा माझ्यासमोर घडी करून ठेवला होता. त्याने तो उघडून बघितला, अस्तरावर हात फिरवला आणि पुन्हा तसाच ठेवला.

"परत देतोय. लढणं बस झालं. रविवारी पेपरवाल्यांना, सगळ्यांना बोलावलंय, तिथे सांगतो. चांगला कोट लागेल."

मग तो उठला आणि हात वर करून उभा राहिला. मी टेपखाली दोन बोटं घातली. त्याने पोट आत ओढलं नाही.

"किती?"

"चौतीस," मी मोठ्याने म्हटलं, आणि वहीत चौतीस लिहिलं.

"आत माया सोड हं भरपूर," तो म्हणाला. "आता मी वाढणारच आहे."

कोटाला दोन बोटं माया पुरते. मी चार बोटं सोडली.