दोन मिनिटांची सुटका

घड्याळ चालवणाऱ्या बाईनं खेळाडूंशी बोलायचं नसतं. मी बोलते. आमच्या गावच्या आइस हॉकीच्या रिंकवर घड्याळापाशी कुडकुडत बसायला दुसरं कुणी तयारच होत नाही, मग मला काढणार कोण?

त्या शनिवारी पाहुण्या संघातली ब्रिन माझ्या शेजारच्या पेनल्टी बॉक्समध्ये, म्हणजे चूक करणाऱ्याला दोन मिनिटं डांबतात तिथे, दुसऱ्यांदा आली. अकरा वर्षांची पोर. पाडलं कुणाला, तर पकच्या, त्या रबरी चकतीच्या, आसपासही नसलेल्या मुलीला. आणि रेफरीचा हात वर जायच्या आत ही बया बॉक्सकडे निघालीसुद्धा!

"काय गं, इथे खाऊ वाटतात का?"

"इथे बाबांना येता येत नाही, आजी."

मी समोर पाहिलं. त्यांच्या बाकामागच्या काचेला चिकटून एक दांडगा माणूस घसा फोडून ओरडत होता. "झोपलीस का, ब्रिन! लाज वाटत नाही?" पहिल्या डावापासून त्याच्या ओरडण्यानं माझे कान किटले होते. हाच तो बाप होय!

तेवढ्यात आमच्या पोरींनी गोल केला. समोरच्यांचा गोल झाला की दोन मिनिटं पुरी व्हायची वाट बघत नाहीत, शिक्षा तिथेच संपते. एरवी आमच्या गोलाला मी टेबल बडवते. त्या दिवशी बॉक्सच्या दाराची कडी धरून बसले.

"नका ना उघडू, आजी."

उघडलं. काय करणार?

थोड्या वेळात ती तिसऱ्यांदा हजर. आता मात्र मला सांगणं भाग होतं. "हे बघ बाळा, आणखी एकदा आलीस तर खेळाबाहेर काढतील. मग कपडे बदलायच्या खोलीत बसायचं. तिथे बाबांना येता येतं."

तिचा चेहराच उतरला. पुढे खेळ संपेपर्यंत ती मुकाट खेळली. तो मात्र मुकाट बसला नाही.

भोंगा वाजवला आणि मी कोट चढवून तडक बाहेर त्यांच्या गाडीपाशी गेले. पोर मागच्या सीटवर अंग चोरून बसलेली.

"अहो, तुमच्या गावापर्यंत सोडाल का? बहिणीकडे जायचंय."

बहीण कुठली डोंबलाची! पण कॅनडातल्या आमच्या सस्कॅचेवनमध्ये उणे तीसच्या थंडीत गाडीत घ्यायला कुणी कुणाला नाही म्हणत नाही. तोही म्हणाला नाही. मी पुढे त्याच्या शेजारी ठाण मांडलं. परक्या बाईपुढे ओरडता येईना. नुसता स्टिअरिंगवर बोटं आपटत राहिला.

शेवटी म्हणाला, "तुम्ही तिथे जवळ बसता. अशी का खेळते हो ती? चांगली खेळणारी पोर आहे."

"मुद्दाम करते. तुमच्यापासून दोन मिनिटं सुटका म्हणून."

मला वाटलं, आता उतरवतो बहुतेक. पण त्याचा आवाज एकदम खाली आला. "मी... फार ओरडतो का?"

"मला काय विचारता? मागे बसलीय, तिला विचारा."

त्यानं आरशात पाहिलं. "ब्रिन?"

बोल गं बाई, मी मनात म्हटलं, आत्ता बोल.

"हो," ती म्हणाली. मग हळूच, "घरीसुद्धा."

त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं. हातमोज्यानं डोळे पुसले, पण मागे वळून बघायचा धीर काही त्याला होईना.