ताडावरून गाडीवर

माझा भाऊ ओदेलू याने गाडी दारात आणून उभी केली, तेव्हा आमचे हे भिंतीकडे तोंड करून कान कोरत बसले होते. गाडी म्हणजे जुनीच लाल मोटरसायकल, एका मास्तरांनी जपून वापरलेली. ओदेलू टपाल वाटतो, त्यामुळे कुणाला काय विकायचंय ते त्याला आधी कळतं.

"दाजी, नवरी आणलीय. बघून तरी घ्या!"

"माझे पाय शाबूत आहेत," हे म्हणाले.

पाय शाबूत असते तर गाडी कशाला आणली असती? आम्ही गौड, ताडी काढणारे. मागच्या उन्हाळ्यात हे ताडावरून पडले आणि मांडीत सळई बसवावी लागली. दवाखान्यातून घरी आल्या आल्या मी यांच्याकडून आमच्या काटमय्या देवाची शपथ घेतली, की पुन्हा झाडावर चढणार नाही. चढायचा दोर माझ्या पेटीत कुलपात ठेवला. आता झाडांवर पुतण्या चढणार आणि त्याची ताडी हे सकाळी नाक्यावरच्या दुकानात पोचवणार, असं ठरलं. ऊन चढलं की ताडी आंबते. सायकल मारायला तो पाय तयार नाही. गाडी जमली नाही तर शपथ किती दिवस टिकेल, हे मला चांगलं ठाऊक होतं. झाडाखाली उभं राहून हे मान वर करून बघत, तेव्हा मी घरी येऊन पेटीचं कुलूप ओढून बघायची.

पूजेआधी घरच्यांनी गाडी चालवायची नसते, म्हणून आम्ही ती ढकलतच काटमय्याच्या कडुलिंबाखाली नेली. हळदकुंकू झालं, चाकांखाली लिंबं ठेवली. पहिली ताडी देवाला. मग काय मनात आलं कोण जाणे, यांनी उरलेली पुढच्या चाकावर ओतली.

"झालं!" ओदेलू म्हणाला. "सकाळी सकाळी पाजलीत तिला. आता सरळ कशी चालेल?"

ती सरळ चाललीच नाही. तळं आटलं होतं, त्याच्या कोरड्या पात्रात शिकवणी सुरू झाली. बसण्याआधी हे चपला काढून ठेवत.

"दाजी, चपला घाला. गाडी आहे ती, ताड नाही."

"अनवाणी पायाला कळतं रे."

"गिअर पायाला नाही, डोक्याला कळावा लागतो!"

खरी अडचण हातांची होती. ताडावर भीती वाटली की आवळून धरायचं, हे आमच्या माणसांच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. गाडी जरा हलली की यांची मूठ आवळायची, मूठ आवळली की ती पिळली जायची आणि गाडी बोंबलत सुटायची. गाडी सुटली की हे आणखी आवळणार. ओदेलू मागून धावत ओरडायचा, "सोडा, दाजी, हात ढिला सोडा!" ज्या माणसाने उभा जन्म हात न सोडता काढला, त्याला हे सांगायचं म्हणजे काय! रोज मी बांधावर बसून बघायची. हसू यायचं, आणि घरी येऊन रडूही यायचं.

एका संध्याकाळी मात्र गाडी नीट निघाली. छान, डौलात. मी टाळ्या वाजवायला हात उचलले, तेवढ्यात समोर बांधाच्या कडेचा एकटा ताड आला. ब्रेक होता, वळायला जागा होती. पण यांनी गाडी दिली सोडून आणि ताडाला मिठी मारली. गाडी एकटीच पुढे जाऊन धुळीत आडवी झाली.

ओदेलू पोट धरून खाली बसला. मीही हसत धावले. जवळ गेले आणि हसणं थांबलं. हे जमिनीपासून हातभर वर, ताडाला चिकटलेले. डोळे मिटलेले, गाल सालीला टेकलेला. दवाखान्यातून आल्यापासून इतका निवांत चेहरा मी पाहिला नव्हता.

"उतरा," मी म्हणाले.

"सत्तेम्मा, इथं मला भीती वाटत नाही गं."

ओदेलूला कळलं. तो गाडी उचलायच्या निमित्ताने लांब गेला.

"मला वाटते ना!" मी ओरडलेच. "लग्न झाल्यापासून वाटते. तुम्ही वर गेलात की मी खाली चूल फुंकत बसायची. वर बघायची हिंमत नाही, कान मात्र तिकडेच. खाली मडकं टेकल्याचा आवाज आला की जीव भांड्यात पडायचा. तुम्हाला नाही वाटत, कारण तुमच्या वाट्याचं मीच भ्यायलेय."

यांनी डोळे उघडले. मग सावकाश पाय टेकला. माझ्याकडे बघेनात.

"कधी बोलली नाहीस."

"बोलून तुम्ही खाली आला असता?"

"नसतो," हे म्हणाले. खोटं बोलत नाहीत, हा यांचा एक गुण.

ओदेलूने गाडी पुसून आणली. हे बसले, आणि मी कुणाला न विचारता मागे चढले. यांचे खांदे दगडासारखे झाले.

"उतर. पाडीन तुला."

"पाडा. दोघं पडू. आजवर एकटेच पडलात."

यांनी हँडल धरलं. बोटं एकेक करून सैल झाली. गाडी निघाली, बैलगाडीहूनही सावकाश. ओदेलू शेजारून आरामात चालत होता. पात्र संपलं, बांध चढला, रस्ता लागला.

"खाली बघू नकोस," हे म्हणाले. नवख्याला पहिल्यांदा झाडावर चढवताना हे असंच सांगत.

"मग कुठं बघू?"

"माझ्या पाठीकडं बघ."

मी बघितलं. घामाने भिजलेला सदरा, पाठीचा कणा, मानेवरचे पिकलेले केस. कामाला निघालेली ही पाठ मी नेहमी दारातून बघितली होती, आणि दर वेळी ती माझ्यापासून लांब जायची. मी कपाळ तिच्यावर टेकवलं.

"रडतेस का गं?"

"रस्त्याकडे बघा," मी म्हणाले.