धुरपदाबाईंकडची शिकवणी

पल्लवीला भाकरी येत नव्हती, हे खरं होतं. तिचं लग्न ठरलंय, हे मात्र धुरपदाबाईंनी उठवलेलं धादांत खोटं होतं.

कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत पल्लवी एका संशोधनात इंटर्न म्हणून लागली होती. एचआयव्हीची औषधं घेणाऱ्यांना पोटभर मिळतं का, हे विचारायचं काम. पेशंटचं नाव घरीसुद्धा काढायचं नाही, ही पहिली ताकीद. धुरपदाबाई त्या पेशंटांपैकीच एक. दवाखान्यात जायचं म्हणजे मजुरीचा खाडा, म्हणून त्यांनी तिला सुरतेतल्या भेस्तानला आपल्या घरीच बोलावलं. आता शिकलेली पोरगी सारखी येते म्हटल्यावर शेजारच्या लीलाबाईंना चैन कुठलं!

"कोण व हाई?"

"भाकर शिकाले येस. लगीन जमनं तिनं," धुरपदाबाईंनी ठोकून दिलं. आजाराचं गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते कळण्यापेक्षा मरण पत्करलं असतं त्यांनी. पल्लवीने मुकाट्याने परातीत हात घातला.

प्रश्न विचारला की धुरपदाबाईंचं ठरलेलं उत्तर, "पोट भरीसन खास मी." गाल मात्र बसलेले. ज्यांची आबाळ होते त्यांना या कामातून धान्य मिळणार होतं, पण आधी पुरत नाही असं म्हणायला तर हवं! पल्लवीला त्यांचा राग यायचा आणि मायाही.

सुरतेत खान्देशी माणूस कुठेही राहो, बातमी त्याच्या आधी घरी पोचते. लीलाबाईंची बहीण सुरतेच्याच पर्वत पाटिया भागात, नेमकी पल्लवीच्या गल्लीत राहायची. तिसऱ्या खेपेला पल्लवी पीठ मळत होती आणि दारात आई उभी. मागे लीलाबाई.

"कोण शे तो पोऱ्या? मायले न सांगता लगीन?"

धुरपदाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. तरी त्या पुढे झाल्या. "ताई, पोरना काही दोष नही. मीच... माले..."

"आई, मुलगा-बिलगा कोणी नाही गं!" आजाराचं नाव निघायच्या आत पल्लवी मध्येच ओरडली. "एवढ्या घोडीला भाकरी येत नाही म्हणून लोक हसले असते. लग्नाचं मीच सांगायला लावलं मावशींना."

आईने तिला खालून वर न्याहाळलं. "थाप मंग."

पल्लवीने थापली. तव्यापर्यंत जाईस्तोवर भाकरीचे तीन तुकडे झाले. आईने ओठ दाबून धरले, पण लीलाबाई फिस्सकन हसल्या आणि मग आईलाही हसू आवरेना. "अशी भाकर दखीसन कोण करी तुन्हासंगे लगीन?" डोळे पुसत, चहा पिऊन दोघी गेल्या.

धुरपदाबाईंनी दार लोटलं आणि भिंतीला टेकून बसल्या.

"लिखी ले," त्या म्हणाल्या. "महिनाना शेवटे काहीच ऱ्हात नही. उपाशीपोटीच औषधनी गोई लेस मी. मंग चक्कर येस."

पल्लवीने पिठाचे हात पुसून वही ओढली. "मावशी, म्हणजे इतके दिवस तुम्ही मला खोटंच सांगत होतात?"

"तू बी आते तुन्ही मायले खोटंच सांगं ना?" धुरपदाबाई हसल्या. "चाल, पुढलं इचार."