इस्त्री केलेला महिना

"मावशी, पेन घेताय की त्याचं लग्न ठरवताय?" काउंटरमागून रोशनीने विचारलं.

घाटकोपरच्या बाजारातल्या त्या चिंचोळ्या दुकानात सुगंधाबाई तुळसकरांनी एवढी पेनं चालवून पाहिली होती, की समोरच्या खरडपॅडवर रानडुकरं नाचून गेल्यासारखी दिसत होती. जेल पेन सरसर पळायचं, पण वरून हायलायटर फिरवला की निळं पाणी व्हायचं. मार्कर तर कॅलेंडरचा कागद फोडून थेट पुढच्या महिन्यात उतरला असता. बॉलपेन गरीब, सांगाल तिथे जाणारं. पण त्याने लिहिलेलं पुसता येत नव्हतं, आणि घोडं तिथेच अडलं होतं.

"काट मारून टाकायची, त्यात काय?"

"कॅलेंडरवर काट मारत नाय आमच्यात. तिथीवर काट मारली की घरातलं माणूस कमी होतं."

"अरे बापरे. मग हे घ्या." रोशनीने काचेच्या बरणीतून एक पेन उपसलं. "मागे रबर आहे बघा. घासा."

सुगंधाबाईंनी 'श्री' काढला आणि घासला. श्री गेला. डाग नाही, ओरखडा नाही. जणू तिथे तो कधी नव्हताच.

"झकास ना? ऑफिसवाले हेच नेतात. तीन रंग देऊ? आणि हायलायटर हा फिका गुलाबी घ्या, तो भडक पिवळा अक्षरं खातो. शाई सुकू द्या, मगच फिरवा. नातीसाठी का?"

"हो, नातीसाठीच," सुगंधाबाई म्हणाल्या आणि घाईने पिशवी उचलली.

ते अर्धं खरं होतं.

सुगंधाबाईंची आई गावाला शेवटच्या वर्षांत तांदळाच्या डब्यात चपला ठेवायची. कोंबड्यांना 'जेवून जावा' म्हणून आग्रह करायची आणि आलेल्या पाहुण्यांना 'शू शू' करून अंगणाबाहेर हाकलायची. गाव पोट धरून हसलं. मग एका संध्याकाळी ती आपल्याच घराच्या पायरीवर बसून पोटच्या पोरीला म्हणाली, "बाय, माका घराक सोडशील? काळोख पडलो." तेव्हा कोणी हसलं नाही. ती जाऊन चार वर्षं झाली, पण ते वाक्य सुगंधाबाईंबरोबर घाटकोपरला आलं होतं आणि चौदाव्या मजल्यावर राहत होतं.

अलीकडे ते जरा जास्तच हालचाल करायला लागलं होतं. कुकर पाण्याशिवाय चढला. किल्ल्या तूरडाळीत सापडल्या. एकदा तर त्या लिफ्टमध्ये शिरल्या आणि कुठलं बटण दाबायचं तेच आठवेना. मग कोणी ओळखीचं आत येईपर्यंत आरशात बघून केस नीट करत राहिल्या. कुकरचं तेवढं सुनेला कळलं. श्वेता वाईट नव्हती. तोंडावर बोलायची, एवढंच.

"आई, दिशाला पाळणाघरात घालूया का? तुम्हाला पण आराम."

आराम! सुगंधाबाईंना तो शब्द खुर्ची पुढे सरकवल्यासारखा ऐकू आला. बसा आता. उठू नका. दुपारी शाळेच्या बसमधून उडी मारून "आज्जी, भूक!" म्हणणारी ती पोर गेली, की या घरात आपल्याला विचारणारं फक्त ते पायरीवरचं वाक्य उरणार.

म्हणून पेनं. ओट्याशेजारच्या कॅलेंडरवर हिरव्याने दिशाची बस, निळ्याने गोळ्या, लालने गॅस. महत्त्वाच्या ओळीवर गुलाबी पट्टा. महिना असा सजला की गणपतीच्या मखराने लाजावं. पहिल्या रविवारच्या चौकटीत एक भलतीच ओळ लिहिली गेली, ती त्यांनी कोणी बघायच्या आत घासून टाकली. पुसायचं पेन घेतल्याचं सार्थक झालं.

तीन आठवडे सुखाचे गेले. मग एका सकाळी गॅस पेटवून त्यांनी सवयीने कॅलेंडरकडे पाहिलं.

काही नव्हतं.

तिथ्या होत्या, एकादशी होती, संकष्टी होती. गुलाबी पट्टेही होते, आपापल्या जागी. पट्ट्यांखाली शब्द नव्हते. हिरवं नाही, निळं नाही, लाल नाही.

सुगंधाबाईंनी चष्मा पुसला. पान उलटून मागचा महिना पाहिला, पुढचा पाहिला. मग हात ओट्यावर टेकवून उभ्या राहिल्या. आपण लिहिलंच नव्हतं. तीन आठवडे रोज सकाळी इथे उभं राहून आपण कोरी चौकट वाचत होतो, आणि कोऱ्या कागदावर पट्टे ओढत होतो. आईने कोंबड्यांना वाढायच्या आधी असंच काही केलं असेल का?

"चाय?" बाहेरच्या खोलीतून नवऱ्याची, धोंडूची, हाक आली.

"देते," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच निघाला याचीही त्यांना भीती वाटली.

त्या दिवशी त्यांनी स्वतःवर काहीच सोपवलं नाही. वरण गॅससमोर उभं राहून शिजवलं. गोळी घेतली की नाही आठवेना, म्हणून घेतलीच नाही. आणि दिशाच्या बसला अजून भरपूर वेळ असताना खाली गेटवर जाऊन उभ्या राहिल्या.

"काय मावशी, आज लवकर?" वॉचमन म्हणाला. "बसा ना खुर्चीवर."

"नको," त्या इतक्या जोरात म्हणाल्या की वॉचमनच उठून उभा राहिला.

ऊन पायांवरून गुडघ्यांवर चढलं. त्या मनात एकच घोकत होत्या: दिशा, पिवळी बस, चौदावा मजला. बस आली, पोरीने उडी मारली, तसा त्यांनी तिचा हात असा पकडला की ती ओरडली, "आज्जी, दुखतंय!"

संध्याकाळी श्वेता ऑफिसातून आली, पाणी प्यायला फ्रिजकडे निघाली आणि कॅलेंडरसमोर थबकली.

"आई? तुम्ही सगळं लिहून ठेवलं होतं ना इथे? मी बघितलं होतं."

सुगंधाबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. "तू... बघितलं होतंस?"

"म्हणजे काय! रंगीबेरंगी. मी तुमच्या सिद्धेशला म्हटलं पण, आईंनी काय मस्त प्लॅनिंग केलंय."

तेवढ्यात दारात धोंडू खाकरला. धोंडू तुळसकर तरुणपणी गिरणीच्या घडीखात्यात होता. गिरणी गेली, पण सुरकुती दिसली की त्याचा हात अजून शिवशिवायचा. रुमाल, पायपुसणी, बँकेचं पासबुक, सगळं तो इस्त्रीखाली घाली. एकदा त्याने सुके बोंबीलही सरळ केले असं शेजारी सांगतात. बोंबलांचं खरंखोटं ठाऊक नाही, पण त्या आठवड्यात त्याच्या शर्टांमागे दोन मांजरं लिफ्टपर्यंत यायची.

"कुकराच्या वाफेन कॅलेंडर पापडासारखां वळलां होतां," तो म्हणाला. "माका बघवना. पहाटे काळोखातच इस्त्री फिरवलंय. वर धोतराचो तुकडो घालून हां, तसोच नाय."

श्वेताने ओट्यावरचं पेन उचललं आणि ती हसत सुटली. "बाबा! अहो, ही शाई गरम झाली की उडते! रबराने घासल्यावर जाते ती पण त्या गरमीनेच. आमच्या ऑफिसात एकाने लॅमिनेशनला कागद दिला, कोरा होऊन परत आला. वाट लागली होती त्याची."

"मग गेलां सगळां?"

"नाही हो. फ्रीझरमध्ये ठेवा, परत येतं. खरंच."

सुगंधाबाई हसल्या. पदर तोंडावर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. लिहिलं होतं! आपणच लिहिलं होतं! त्यांनी स्वतःच्या हाताने कॅलेंडर गुंडाळलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि फ्रीझरमध्ये साफ केलेल्या बांगड्यांच्या शेजारी झोपवलं. श्वेता दिशाला भरवायला बाहेर गेली. पाळणाघराचा विषय त्या हसण्यात कुठेतरी वाहून गेल्यासारखा वाटला.

जेवणं आटोपल्यावर नवरा-बायकोने कॅलेंडर बाहेर काढून ओट्यावर उलगडलं.

सगळं परत आलं होतं. हिरवी बस, निळ्या गोळ्या, लाल गॅस. आणि घासून पुसलेलं होतं, तेही आलं होतं.

पहिल्या रविवारी निळ्या अक्षरात होतं: आयेक फोन करूचो.

ते सुगंधाबाईंना आठवत होतं. गेलेल्या आईला फोन कसला, म्हणून जीभ चावली होती, पुसलं होतं. एकदा होतं असं कोणाचंही.

दुसऱ्या रविवारी: आयेक फोन करूचो. तिसऱ्या रविवारीही. आणि चौथ्या, अजून न आलेल्या रविवारी तीच ओळ एकावर एक दोनदा, एक हिरवी, एक निळी. अक्षर त्यांचंच होतं. यातलं एकही लिहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं, की पुसल्याचं.

धोंडूने पान वाचलं. मग बायकोकडे पाहिलं. बाहेर टीव्ही चालू होता.

"आलं का आई, सगळं?" श्वेताने तिथूनच विचारलं.

सुगंधाबाईंनी चौथ्या रविवारवर तळहात ठेवला.

"नाय गो," धोंडूने ओरडून सांगितलं. "कायएक येवक नाय. पेनच फालतू." मग तो हळू आवाजात म्हणाला, "उद्यापासून दिशाच्या बसवर मी येतंय तुझ्यावांगडा. गुडघे आखाडलेत माझे. जरा चालणां होयत."

त्याने कॅलेंडर टेबलावर नेऊन पसरलं, धोतराचा तुकडा काढला आणि इस्त्रीची पिन लावली. कागद थंडगार होता, त्याला मासळीचा वास येत होता, आणि तो पुन्हा वळायला बघत होता. सुगंधाबाईंनी त्याच्या कडा दोन्ही हातांनी धरून ठेवल्या, सुरकुती पडू नये म्हणून.